राऊजवळच्या घरातले चार उंदीर

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती इंदूरला राऊच्या पुढे नव्याने वसलेल्या एका कॉलनीत राहते. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे अजून शेतं आहेत. ती म्हणाली, "मॅडम, घरात उंदराची पिल्लं झालीत. रोज एकदोन दिसतात. मोठा उंदीर मात्र एकदाही दिसला नाही."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं होतं, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. पिल्लं आठवडाभर घरभर हिंडतात, आणि त्यांची आई दिसत नाही, मोठ्या लेंड्या दिसत नाहीत, दाराची चौकट कुरतडलेली नाही, रात्री माळ्यावर धावपळ ऐकू येत नाही. हे कुठेच जुळत नव्हतं.

तिने आधीच कीडनियंत्रणवाल्याला बोलावलं होतं. त्याने एक नजर टाकून सांगितलं, "चूहे के बच्चे हैं, माँ छत में बैठी होगी." मग चिकट पुठ्ठ्याचे दोन सापळे ठेवले आणि सोमवारी येऊन माळ्यावर विषाच्या वड्या टाकतो म्हणाला. घरात दीड वर्षाचा मुलगा. मागच्या आवारातल्या खांबावर रात्री गव्हाणी घुबड येऊन बसतं, ते वेगळंच. तिला विष नको होतं, पण नको म्हणायला कारण हवं होतं. सोमवारच्या आत हे प्राणी कोण आहेत ते सांगायचं, एवढं काम माझ्याकडे आलं.

आपल्या भाषेचीही इथे थोडी अडचण आहे. घुशीला आपण घूस म्हणतो, चिचुंद्रीला चिचुंद्री. पण घरातल्या मोठ्या काळ्या उंदरालाही उंदीरच आणि अंगठ्याएवढ्या उंदरालाही उंदीरच. त्यामुळे लहान दिसला की तो पिल्लू ठरतो. मुळातच लहान अंगाची वेगळी जात असू शकते, हे मनात येत नाही. हिंदीत निदान चुहिया आहे, पण तिलाही लोक चूहे की बच्ची समजतात.

तिने आधी एक फोटो पाठवला होता. वरून, फ्लॅश टाकून काढलेला, शेपूट अंगाखाली गेलेलं, शेजारी मापाला काहीच नाही. रंग करडा वाटत होता, पण फ्लॅशमध्ये सगळेच उंदीर करडे दिसतात. पोट दिसत नव्हतं, पाय धूसर होते. त्या फोटोवरून मी मनात "घरातला साधा लहान उंदीर" असं ठरवून टाकलं होतं. ते चुकीचं होतं, आणि चूक माझी होती. ज्या फोटोत एकही अवयव मोजता येत नाही, त्यावरून मत बनवायलाच नको होतं. नोंदवहीत तो पहिला प्राणी मी आता "अनिश्चित" म्हणून लिहिला आहे आणि तो तसाच राहील.

शनिवारी मी गेले. मागच्या व्हरांड्यातल्या चिकट पुठ्ठ्यावर एक उंदीर मेलेला होता. हे सापळे मला मुळीच पसंत नाहीत. प्राणी त्यावर तासन्‌तास जिवंत धडपडत राहतो. पण तो मेलाच होता, तर त्याच्याकडून जेवढं कळेल तेवढं कळून घ्यायला हवं होतं. गोडं तेल लावून त्याला हळूहळू सोडवला. दुसरा जिवंत होता. लोखंडी जाळीची नेहमीची चूहेदानी त्यांनी लावली होती, पण तिच्या गजांमधून तो आरामात बाहेर पडायचा. शेवटी मागच्या कोठीतल्या रिकाम्या स्टीलच्या पिंपात तो आपणच पडला आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला चढता येईना. मोठ्या उंदराचं पिंजऱ्यातून निसटणारं पिल्लू म्हणून घरच्यांनी त्याचीही गणना केली होती.

रबरी हातमोजे घालूनच सगळं केलं. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, आणि हातावर बारीकशी चीर पुरते. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवून मग पुसायच्या, हेही तिथेच सांगितलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, चिचुंद्री असेल तर मारू नका हो, लक्ष्मी असते ती." आधी तीच शंका दूर करून टाकली. चिचुंद्री मुळात उंदरांच्या कुळातली नाहीच. तिचं नाक लांब सोंडेसारखं, डोळे टाचणीच्या डोक्याएवढे, आणि दात बारीक टोकदार, एका ओळीत लागून असतात. उंदराला पुढे वर दोन, खाली दोन छिन्नीसारखे दात आणि त्यांच्यामागे दाढांपर्यंत मोकळी जागा. पुढच्या पंजावर चिचुंद्रीला पाच बोटं असतात, उंदराला चार आणि अंगठ्याच्या जागी नुसता खुंट. पिंपातल्या प्राण्याचे डोळे काळेभोर, बाहेर आलेले, कान मोठे गोल, पुढे चार बोटं. सासूबाईंनीही वाकून मोजली.

मग खरा वाद: पिल्लू की मोठा?

इथे एका वजनाने निम्मं काम होतं. सासूबाईंकडे मसाले तोलायचा छोटा डिजिटल काटा होता. जिवंत उंदीर सुती पिशवीत घालून तोलला, पिशवीचं वजन वजा केलं. 10 ग्रॅम. घरातल्या काळ्या उंदराचं, म्हणजे रॅटस रॅटसचं, पिल्लू जन्मतः साधारण 5 ग्रॅमच्या आसपास असतं. 10 ग्रॅमचं होईल तेव्हा ते आठवडाभराचं असेल. डोळे बंद, अंगावर जेमतेम लव. त्यांचे डोळे दोन आठवड्यांच्या सुमाराला उघडतात आणि बिळाबाहेर पाऊल पडतं ते त्याहून उशिरा. आमच्यासमोरचा 10 ग्रॅमचा उंदीर पूर्ण केसाळ होता, टकामका बघत होता आणि पिंपातून उडी मारायचा प्रयत्न करत होता. असं मोठ्या उंदराचं पिल्लू असूच शकत नाही.

मागचा पाय याहूनही बोलका. उंदराचं अंग हळूहळू वाढतं, पण मागची पावलं आधी वाढून घेतात. म्हणून मोठ्या जातीचं पिल्लू बेढब दिसतं: डोकं थोराड, पावलं अंगाच्या मानाने लांबलचक. काळ्या उंदराचं हिंडतंफिरतं पिल्लू असतं, तर टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत, नख सोडून, वीस मिलिमीटरच्या वरच माप मिळालं असतं. इथे दोन्ही उंदरांचं 14 मिलिमीटर आलं. पावलं नाजूक, अंगाला शोभतील एवढीच.

तरी कीडनियंत्रणवाल्याची बाजू मी शेवटपर्यंत तपासली. लहान जातीचं का होईना, पिल्लूच असेल तर? उत्तर पिंपातल्या उंदराच्या पोटावर होतं. ती मादी होती. स्तनाग्रं स्पष्ट उठून दिसत होती, भोवतीचे केस झडलेले. एकदा तरी पिल्लं पाजून झालेली ही पूर्ण वाढलेली आई होती. ज्या आईला सगळे माळ्यावर शोधत होते ती 10 ग्रॅमची होऊन पिंपात बसली होती. स्तनाग्रं मोजली तर दहा भरली, छातीकडे तीन जोड्या आणि मागे दोन. मात्र मस या वंशातल्या बहुतेक जातींत हाच आकडा असतो. त्यावरून वय कळलं, जात नाही. सध्या दूध नव्हतं, तरी खात्रीसाठी कोठीतली सगळी पोती उलटीपालटी करून घरटं शोधलं. नव्हतं.

मस हा वंश म्हणजे लहान उंदरांचा. लॅटिनमधला हा शब्द आणि आपला मूषक एकाच मुळातले. माळव्यातल्या शेतघरात त्यातला कोण येऊ शकतो? घरात राहणारा मस मस्क्युलस, शेतातले मस बूडुगा आणि मस टेरिकलर, आणि खडकाळ माळावरचे काटेरी केसांचे. मस बूडुगाचं वर्णन ग्रे यांनी 1837 मध्ये केलं आणि त्याचं मूळ ठिकाण "दक्षिण मराठा मुलूख" असं नोंदलेलं आहे. काटेरी केसांच्या मस प्लॅटिथ्रिक्सचं 1832 चं वर्णनही दख्खनमधल्याच नमुन्यावरून झालं. आपल्या शेताच्या बांधावरून हे प्राणी शास्त्राच्या पुस्तकात गेले आणि आपण त्यांना पिल्लं म्हणत राहिलो, याचं मला फार वाईट वाटतं.

काटेरी जातीचा प्रश्न पेन्सिलने सुटला. मेलेल्या उंदराच्या पाठीवरून पेन्सिलचं टोक शेपटीकडून डोक्याकडे उलटं फिरवलं. काटेरी जातीत चपटे, ताठ केस टोकाला अडतात, खरखर जाणवते. इथे केस मऊ. शिवाय ते उंदीर अंगाने याहून बरेच मोठे असतात आणि बिळाच्या तोंडाशी बारीक खडे रचून ठेवतात.

झाडाझुडपांवर चढणारा लांब शेपटीचा व्हँडेल्युरिया एकदा पाहून बाजूला ठेवला. त्याची शेपटी अंगापेक्षा खूपच लांब असते, आणि पहिल्या व शेवटच्या बोटाला नखीच्या जागी आपल्यासारखं चपटं नख असतं. आमच्या दोन्ही उंदरांच्या सगळ्या बोटांना साधी टोकदार नखं होती, अंगठ्याचा खुंट सोडून. मऊ केसांचा मिलार्डिया आणि वरच्या दातांवर उभी खाच असलेला गोलुंडा हे दोघेही याच शेतांतले, पण आकारानेच बाद.

आता उरला मुख्य प्रश्न: घरातला मस मस्क्युलस की शेतातला?

पोटाने सुरुवात केली नाही, आणि का ते सांगायला हवं, कारण बहुतेक लोक तिथेच सुरुवात करतात. या दोघांचं पोट पांढरं होतं आणि पाठीच्या मातकट तपकिरी रंगाशी त्याची सीमा ठळक होती. शेतातल्या उंदराचं हे लक्षण आहेच. पण कोरड्या मुलखातल्या मस मस्क्युलसचंही पोट पांढरं असू शकतं. वायव्येकडच्या त्यांच्या प्रकारात ते तसंच असतं. उलट, दमट शहरातल्या घरउंदराचं पोट मळकट करडं. म्हणजे करडं पोट दिसलं तर घरातल्याकडे कौल जातो, पांढरं दिसलं तर काहीच ठरत नाही. रंग हे उंदरांच्या ओळखीतलं सर्वांत कच्चं लक्षण आहे. वय, ऋतू, माती, धूळ आणि उजेड, सगळे त्यात ढवळाढवळ करतात.

शेपूट जास्त भरवशाचं, पण मोजायची पद्धत ठाऊक हवी. मेलेला उंदीर उताणा ठेवायचा, शेपूट सरळ करायचं आणि गुदद्वारापासून टोकापर्यंत मोजायचं, टोकावरचे केस सोडून. पाठीकडून मोजलं की शेपटीचं मूळ नेमकं कुठे ते कळत नाही आणि पाचसहा मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. पहिल्यांदा मीही घाईत पाठीकडूनच मोजलं आणि शेपूट व अंग जवळजवळ सारखं भरलं. उताणं ठेवून पुन्हा मोजलं: डोकं आणि अंग मिळून 63 मिलिमीटर, शेपूट 56, मागचं पाऊल 14, कान 11. शेपूट अंगापेक्षा लहान, वरून गडद, खालून फिकट. आपल्याकडच्या घरउंदराचं शेपूट सहसा अंगाएवढं किंवा त्याहून लांब असतं आणि सगळीकडून एकाच रंगाचं दिसतं.

मग दात. सोनाराचं दहापटीचं भिंग मी बरोबर नेलं होतं. वरचा ओठ चिमट्याने बाजूला करून पुढचे वरचे दात बाजूने पाहायचे, समोरून नव्हे. मस मस्क्युलसच्या त्या दाताच्या टोकाच्या मागच्या बाजूला पायरीसारखी खाच दिसते, खालचा दात घासून घासून झालेली. एकदा पाहिली की विसरत नाही. या उंदराच्या दातावर ती नव्हती. दाताची धार सरळ उतरत गेली होती. दोन्ही दात, दोन्ही बाजूंनी, माझ्या विद्यार्थिनीलाही दाखवून तीनदा पाहिलं.

एकटी खाच नसणं मला पुरलं नसतं. अगदी कोवळ्या घरउंदरात ती नीट झिजून झालेली नसते. पण मोठी झालेली मादी तेवढ्याच मापाची, पाऊल 14, शेपूट अंगाहून लहान आणि दुरंगी, पोट स्वच्छ पांढरं, दाताला खाच नाही, हे सगळं एकत्र आल्यावर निर्णय शेताच्या बाजूने झाला. आणि शेतानेही दुजोरा दिला. सोयाबीन काढून झालं होतं, गव्हासाठी ट्रॅक्टर फिरला होता, बांधालगतची बिळं नांगरात गेली होती. भिंतीला लागून दोन बोटं जातील न जातील अशी उरलेली तीनचार तोंडं मी स्वतः पाहिली. ज्या आठवड्यात नांगर फिरला, त्याच आठवड्यात घरात "पिल्लं" दिसायला लागली होती. हे आधी विचारलं असतं तर मी फोटोवरून घाई केली नसती.

बूडुगा की टेरिकलर, हा शेवटचा टप्पा. हे दोघे एकमेकांचे इतके जवळचे की बाहेरून पाहून नाव लावणं धाडसाचं. दोघांतही गुणसूत्रं 40. काटेरी मस प्लॅटिथ्रिक्समध्ये ती 26 असतात, म्हणजे तिथे नुसत्या आकड्यानेही काम होतं. इथे होत नाही. फरक आहे तो गुणसूत्रांच्या रचनेत, आणि टेरिकलरमध्ये तर त्या रचनेचेही तीन प्रकार सापडले आहेत. बाहेरून मिळणारा एक सुगावा पुन्हा दातांचाच: बूडुगाचे वरचे पुढचे दात मागे वळलेले असतात, टेरिकलरचे सहसा सरळ खाली किंवा किंचित पुढे झुकलेले. आमच्या नमुन्याचे मागे वळलेले होते. म्हणून नोंद केली: "मस बूडुगा गट, बहुधा मस बूडुगा". मेलेला उंदीर 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला आहे. फॉर्मेलिनमध्ये ठेवला असता तर पुढे कुणाला डीएनए काढणं अवघड गेलं असतं. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आहे, तारीख, जागा, नर, चारही मापं. वजन मुद्दाम लिहिलं नाही, कारण अंगावर गोंद आणि तेल होतं.

इथे प्रकरण संपलं असं वाटून मी निघणार होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पण ओट्याखालच्या डब्यांतून येतो तो तर वास मारतो हो." त्यांचं ते वाक्य मी ऐकलं नसतं तर हा अभ्यास अर्धाच राहिला असता. व्हरांड्यात आणि कोठीत काही वास नव्हता. ओट्याखाली मात्र तो ओळखीचा उग्र, कुबट वास होता आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्यांचा सडा. घरच्यांनी रात्री तिथे कमानीचा छोटा सापळा लावला. रविवारी सकाळी उंदीर मिळाला: अंग 76 मिलिमीटर, शेपूट 84, मागचं पाऊल 17, कान 13, वजन 14 ग्रॅम. शेपूट एकरंगी, पोट करडं. भिंगाखाली दात बाजूने पाहिला आणि खाच लख्ख दिसली. मस मस्क्युलस.

एकाच घरात दोन जाती, मध्ये फक्त एक दार. दोघांना शेजारी ठेवल्यावर घरातल्या सगळ्यांनाच फरक दिसला, भिंगाशिवायही. व्हरांड्यातल्या एका नमुन्यावरून मी अख्ख्या घराचा निकाल देऊन गेले असते, तर ओट्याखालचे उंदीर तसेच राहिले असते आणि माझ्या सांगण्यावरून त्यांना "शेतातले, आपणच जातील" म्हणून सोडून दिलं गेलं असतं.

उपाय त्यामुळे दोन वेगळे निघाले. माळ्यावर विष टाकायचं कारणच उरलं नाही, तिथे कुणी नव्हतंच. रक्त गोठू न देणारी ती विषं, ब्रोमॅडिओलोनसारखी, उंदराला लगेच मारत नाहीत. तो दोनतीन दिवस मलूल होऊन उघड्यावर फिरतो आणि खांबावरच्या घुबडाला सहज सापडतो. मग तेच विष घुबडाच्या पोटात. हे सांगितल्यावर घरच्यांनी सोमवारची वेळ स्वतः फोन करून रद्द केली. मागच्या दाराखाली बोट जाईल एवढी फट होती. एवढ्या लहान उंदराला 6 मिलिमीटरही पुरतात. तिथे रबराची पट्टी ठोकली, पाइपच्या भोकात बारीक जाळी आणि सिमेंट भरलं. फट बंद झाल्यावरच मादीला संध्याकाळी बांधावर, भिंतीपासून दूर, गवतात सोडलं. ओट्याखाली मात्र कमानीचे सापळे भिंतीला चिकटून लावले, धान्य झाकणाच्या डब्यांत गेलं, आणि आठ दिवसांत आणखी दोन उंदीर पडले. दोघांचंही शेपूट अंगाहून लांब, दोघांच्या दातावर खाच. व्हरांड्यात पुन्हा कुणी आलं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत तिचा मेसेज आला. फोटो होता, या वेळी दिवसाच्या उजेडातला, बाजूने काढलेला, शेपूट सरळ केलेलं आणि शेजारी मोजपट्टी. खाली एवढंच लिहिलं होतं: "मॅडम, शेपूट 82, अंग 74. ओट्याखालचा. सापळा अजून आठवडाभर ठेवते."